खालचा सा

त्या पबच्या मागच्या दारानं वर जायचं म्हणजे स्वयंपाकघरातून जायचं. संध्याकाळचे सहा वाजलेत. कांद्याची पोती, तेलाचे डबे आणि बर्फाच्या पेट्या यांच्यामधून चाळिशीतला एक माणूस पाठीला लांबलचक काळी पिशवी आणि दोन्ही हातांत अँपचं धूड घेऊन जिना चढतोय. त्याच्या पुढं गायिका आहे. तिच्या हातात पाण्याची बाटली आणि एक वही. गिटारवाल्याची पिशवी हलकी. ड्रम पबचेच असल्यामुळे ड्रमरनं फक्त काठ्या, झांजा आणि पायाचं पेडल आणलंय. सगळ्यात जड ओझं बेसवाल्याचं.

"ताई, जरा भिंतीकडे सरा, कोपरा लागेल," तो मला म्हणाला. आमची ओळख झाली ती अशी.

या अंकाचा विषय 'आधार' आहे असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आला तो एक जुना प्रश्न. मी तबला-पेटीच्या घरात वाढले. बँड ऐकायला गेले की गाणारी कळते, गिटारवाला कळतो, ड्रमर तर डोळ्यांनाही दिसतो. पण त्यांच्याबरोबर चार तारांची लांब गिटार घेऊन ड्रमच्या डाव्या-उजव्या अंगाला उभा राहणारा तो माणूस नेमकं करतो काय? हे बघायला म्हणून पुण्यातल्या एका हौशी बँडच्या मागं मी महिनाभर हिंडले. सरावाला गेले, बाणेरच्या या पबमध्ये साउंडचेकला बसले, कार्यक्रम ऐकले. पाचही जण पोटापाण्याला दुसरं काही करणारे. गायिका शाळेत शिकवते, ड्रमर दातांचा डॉक्टर, कीबोर्डवाला करसल्लागार, गिटारवाला हिंजवडीत संगणकाच्या कामावर आणि बेसवाला चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात. नावं छापू नका, असं त्यांनी सांगितलं. म्हणून इथं प्रत्येकाला त्याच्या वाद्याच्या नावानंच हाक मारते.

वाट्याला आलेलं वाद्य

"बेस मी मागितला नव्हता," पहिल्याच भेटीत त्यानं सांगितलं. कॉलेजात असताना फिरोदिया करंडकासाठी त्यांची एकांकिका बसत होती आणि त्यात संगीत जिवंत वाजवायचं होतं. गिटारवाले तीन झाले. कुणाच्या तरी घरी एक जुना बेस पडून होता. तिघांपैकी हा सगळ्यात धाकटा, म्हणून तो याच्या गळ्यात आला. घरी नेला तेव्हा आईनं विचारलं, याच्या दोन तारा कुठं गेल्या? "मी तीन महिने कधी परत देता येईल याची वाट बघत होतो. चौथ्या महिन्यात कुणी मागितला असता तर दिला नसता."

हे एकट्याच्या बाबतीत घडलेलं नाही. बीटल्समधला बेसवाला स्टुअर्ट सटक्लिफ १९६१ मध्ये हँबुर्गमध्ये बँड सोडून गेला, तेव्हा उरलेल्यांपैकी कुणालाच ते काम नको होतं. ते पॉल मॅकार्टनीकडे आलं. अमेरिकेत स्टुडिओत गिटार वाजवणाऱ्या कॅरल के यांच्याकडे १९६३ मध्ये बेस आला, कारण एका ध्वनिमुद्रणाला ठरलेला बेसवाला आलाच नाही. पुढं त्या त्यांच्या काळातल्या सर्वाधिक मागणी असलेल्या बेसवादकांपैकी एक झाल्या. जगातल्या कितीतरी चांगल्या बेसवादकांची सुरुवात अशी एखाद्या रिकाम्या जागेतून झाली आहे.

मुळात वाद्यच एका अडचणीतून जन्माला आलं. त्याच्याआधी खालचे स्वर वाजवायला होता तो कपाटाएवढा डबल बेस, आपल्या जुन्या सिनेमांच्या वाद्यवृंदांच्या फोटोंत मागं उभा दिसतो तो. प्रवासात नेणं कठीण, ड्रम आणि विजेच्या गिटारसमोर त्याचा आवाज बुडायचा आणि त्याच्या मानेवर पडदे नसल्यामुळे स्वर नेमका लागणं पूर्णपणे कानावर. पडद्यांचा विजेवरचा बेस १९३० च्या दशकात सिॲटलच्या पॉल टटमार्कनं करून पाहिला होता, पण तो रुजला नाही. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या लिओ फेंडरनं जो बाजारात आणला, तो रुजला. सतारीला असतात तसे पडदे मानेवर बसवलेले, त्यामुळे बोट ठेवलं की स्वर अचूक. त्यानं नावच ठेवलं 'प्रिसिजन'. आजही पुण्यातल्या जॅमरूममध्ये जे बेस दिसतात त्यातले बरेचसे त्याच्याच आकाराचे भाऊबंद आहेत.

बेसवाल्यानं त्याचं वाद्य माझ्या गळ्यात घातलं. साधारण चार किलोचं वजन डाव्या खांद्यावर आलं. गिटारची तार या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेपंचवीस इंचांच्या आसपास असते, ही चौतीस इंच. पहिल्या पडद्याशी डावा हात नेला तर दंड पूर्ण ताणला गेला. तारा चारच, जाडकडून बारीककडे, पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच अशा लावलेल्या, म्हणजे गिटारच्या चार जाड तारांसारख्याच, पण एक सप्तक खाली. सगळ्यात जाड तार अडीच मिलिमीटरहून जाड. मी तिला तर्जनीनं ओढलं. अँप बंद होता, त्यामुळे कानाला जवळजवळ काहीच आलं नाही. पण लाकूड पोटाला टेकलेलं होतं आणि तिथं मात्र तो स्वर स्पष्ट कळला. तानपुरा गालाशी धरून जुळवताना कळतो तसा.

पांढरी एक, तीन, पाच

त्यांचा सराव गुरुवारी रात्री, कर्वेनगरात एका बंगल्याच्या तळघरातल्या जॅमरूममध्ये होतो. तासावर भाडं. भिंतींना जाड फोम, खाली सतरंजी आणि दोन सरावांच्या मधे दार उघडलं की बाहेर थांबलेल्या कॉलेजच्या पोरांचा घोळका.

तिथं मी माझा प्रश्न सरळ विचारला. बेसवाल्यानं उत्तर दिलं नाही. तो कीबोर्डवाल्याला म्हणाला, "पांढरी एक, तीन, पाच दाबून धर. मी सांगेपर्यंत सोडू नको. काही बदलू नको."

कीबोर्डवर सा-ग-प सुरू झाले. साधी, सगळ्यांना माहीत असलेली स्वरसंगती. बेसवाल्यानं खाली तोच सा वाजवला. भरलेलं, शांत, घरी आल्यासारखं काहीतरी झालं. मग त्यानं बोट सरकवलं आणि खाली पांढरी सहा वाजवली. कीबोर्डवाल्याचा हात हलला नव्हता, हे मी डोळ्यांनी बघत होते. तरी तेच तीन स्वर उदास झाले. संध्याकाळ झाल्यासारखे. मग बेसवाला पांढरी चारवर गेला, आणि तीच स्वरसंगती कुठंतरी अधांतरी, खिडकी उघडी राहिल्यासारखी वाटू लागली. चौथ्यांदा तो पुन्हा सा-वर आला आणि खोलीतल्या सगळ्यांनी नकळत श्वास सोडला.

"मी वरचं काहीच वाजवत नाही," तो म्हणाला. "वर जे वाजतंय त्याचा अर्थ काय, तेवढं सांगतो."

घरी आल्यावर मी पेटी काढली. आपल्याकडे ही गोष्ट मूर्च्छना या नावानं फार जुनी आहे. भूपाचे पाच स्वर घ्या आणि त्यातल्या गंधाराला सा माना; तेच पाच स्वर मालकंस होतात. पंचमाला सा मानलं की दुर्गा. स्वर बदलत नाहीत, पायथा बदलतो. आपल्या मैफलीत तो पायथा तानपुरा एकदा ठरवून देतो आणि मग तो हलत नाही. सगळी करामत वर. बँडमध्ये पायथा दर ओळीला हलतो, कधी दर दोन मात्रांना हलतो आणि तो हलवणारा माणूस मागं उभा असतो. गिटारवाल्यानं एखादा स्वर चुकीचा घेतला तर श्रोत्याला तो गिटारचा चुकीचा स्वर म्हणून ऐकू येतो. बेसवाल्यानं चुकीचा घेतला तर श्रोत्याला बाकी चौघंही चुकल्यासारखे वाटतात. या कामाची जबाबदारी मला इथं पहिल्यांदा उमगली.

खालीची खूण

ड्रमर आणि बेसवाला सरावाला इतरांपेक्षा अर्धा तास आधी येतात. एका कोपऱ्यात दोघंच, गाणं नाही, चाल नाही. ड्रमरच्या उजव्या पायाखालच्या पेडलनं मोठ्या ड्रमवर जो ठोका पडतो, त्याला हे लोक किक म्हणतात. बेसचा स्वर आणि किक एकाच क्षणी पडायला हवेत, इतके की ते दोन वाद्यांचे दोन आवाज न वाटता एकच स्वर असलेला ठोका वाटावा. जमलं की ते म्हणतात "टाइट बसलं", नाही जमलं की "सैल आहे". डग्ग्यावर थाप आणि घुमारा एकाच हातातून येतात. इथं थाप एका माणसाकडे आणि घुमारा दुसऱ्याकडे.

सुरुवातीला मला वाटलं, स्वर कधी सुरू होतो यावरच सगळं अवलंबून. दुसऱ्या गुरुवारी ड्रमरनं दाखवून दिलं की, स्वर कधी संपतो हेही तितकंच महत्त्वाचं आहे. एकच ओळ त्यांनी दोनदा वाजवली. पहिल्यांदा बेसचा प्रत्येक स्वर पुढच्या स्वरापर्यंत लांबवला. दुसऱ्यांदा ड्रमरची काठी स्नेअर ड्रमवर पडते त्याच क्षणी बेसवाल्यानं डाव्या हाताचं बोट सैल करून स्वर मिटवला. स्वर तेच, लय तीच, मात्र दुसऱ्या वेळी माझा पाय आपोआप हलायला लागला. स्नेअरच्या त्या टणत्काराला जागा मिळाली होती. "दाताची पोकळी नीट कोरली नाही तर सिमेंट टिकत नाही, तसं आहे हे," डॉक्टर त्यांच्या भाषेत म्हणाले.

मला तीनताल आठवला. खाली दाखवायची कशी, तर डग्ग्याची आस काढून घेऊन. धा धिं धिं धा चं धा तिं तिं ता होतं. खर्ज गेला की कानाला कळतं आपण आवर्तनात कुठं आहोत. म्हणजे खालच्या आवाजाचं नसणं ही आपल्या तालातली खूण आहे. हा बेसवालाही हेच करतो. ध्रुवपद येण्याआधीच्या अर्ध्या ओळीत तो हात काढून घेतो. मजला नाहीसा होतो, गाणारीचा आवाज एकटा लोंबकळतो आणि मग 'एक'वर बेस आणि किक मिळून उतरतात. पबमध्ये लोक नेमके त्या क्षणी हात वर करतात. ते टाळ्या गाणारीला देतात, आणि तसंच असायला हवं, असं बेसवाल्याला मनापासून वाटतं. मी हे त्याला दोन-तीनदा खोदून विचारलं.

दुसऱ्यांची गाणी, आपली पट्टी

हा कव्हर बँड आहे. म्हणजे स्वतःची गाणी करत नाहीत. लोकांना माहीत असलेली वाजवतात. त्यांच्या यादीत ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' आहे, ब्रायन ॲडम्सचं 'समर ऑफ सिक्स्टी नाइन' आहे, सिल्क रूटचं 'डूबा डूबा' आहे, इंडियन ओशनचं 'माँ रेवा' आहे आणि राहुलदेव बर्मनची चार गाणी. स्वतःचं काही करत नाहीत म्हणून या बँडांना कमी लेखणारे पुष्कळ भेटतात, गाण्यातलेच. मला ते पटत नाही. एकच बंदिश शंभर वर्षं शंभर गळ्यांतून गायली गेली तर आपण तिला नक्कल म्हणत नाही. शनिवारी रात्री देवळात जमणारं भजनी मंडळ तुकोबांचेच अभंग म्हणतं. आणि 'हौशी' या शब्दाला मराठीत कमीपणा नाही. राज्य नाट्यस्पर्धेच्या हौशी मंचावर दिवसभर नोकरी करून रात्री तालमी करणाऱ्या माणसांनी आपल्या रंगभूमीला काय दिलंय, ते आपण जाणतो. पबमधला हा बँड त्याच गोत्राचा आहे.

शिवाय दुसऱ्याचं गाणं वाजवणं बेसवाल्याला अजिबात सोपं नसतं. पहिली अडचण ते ऐकण्याचीच. बेसच्या सगळ्यात खालच्या मोकळ्या तारेची कंपनं सेकंदाला साधारण एक्केचाळीस. मोबाइलच्या स्पीकरमधून एवढा खालचा आवाज बाहेरच पडत नाही. तरी आपल्याला बेस 'ऐकू' येतो, कारण त्या स्वराचे वरचे अनुनाद स्पीकरमधून येतात आणि त्यांच्यावरून खालचा गायब स्वर मेंदू स्वतः भरून काढतो. गाणं उतरवून घ्यायला मात्र एवढं पुरत नाही. तो कानात चांगले हेडफोन घालतो, गाण्याचा वेग निम्मा करतो आणि कारखान्याच्या बसमधून जाता-येता एकेक ओळ पकडतो. त्याच्या वहीत प्रत्येक गाण्याचं एक पान आहे: पट्टी, आडव्या रेघा, आणि जिथं थांबायचं तिथं लाल गोल. लाल गोलांची संख्या बघून मी चकित झाले.

दुसरी अडचण पट्टीची. गायिका नाट्यसंगीत शिकलेली आहे. ती गाण्याची पट्टी काळी चार, पांढरी पाच अशीच सांगते आणि बाकीचे मनातल्या मनात भाषांतर करतात. पुरुषांची गाणी ती आपल्या गळ्याला सोयीच्या पट्टीत घेते. यात गिटारवाल्याला मानेवर चाप लावून भागवता येतं. बेसवाल्याला खाली जमीनच संपते. मूळ गाणं पांढरी तीनमध्ये असेल तर त्याचा सा म्हणजे बेसची सगळ्यात खालची मोकळी तार. ती म्हणाली, पांढरी दोनमध्ये घेऊ, की तो सा त्याच्या वाद्यात उरतच नाही. मग तीन वाटा: स्वर एक सप्तक वर वाजवायचा आणि घुमारा गमवायचा, जाड तार सैल करून दोन घरं उतरवायची आणि त्या गाण्यापुरता बोटांचा सगळा हिशेब बदलायचा, किंवा आणखी एक जाड तार असलेला पाच तारांचा बेस घ्यायचा. हा दुसरी वाट घेतो. दोन गाण्यांच्या मधे, गायिका लोकांशी दोन वाक्यं बोलते तेवढ्यात, अंधारात पेच पिळून तार उतरवतो.

हे दुखणं फक्त हौशी लोकांचं नाही. 'हॉटेल कॅलिफोर्निया' ईगल्सनी आधी पांढरी तीनच्या पट्टीत ध्वनिमुद्रित करायला घेतलं होतं. डॉन हेन्लीच्या गळ्याला ते फार वर जात होतं, म्हणून ते पांढरी सातवर नेलं. रँडी माइझ्नरनं त्यात जो बेस वाजवलाय त्यात रेगे संगीताच्या वळणाच्या मोकळ्या जागा आहेत. हे गाणं वाजवणाऱ्या हौशी बँडांत बेसवाला हमखास त्या जागा भरून टाकतो, आणि गाणं जड होतं.

मी त्याला विचारलं, सगळ्यात अवघड गाणं कोणतं? मला वाटलं एखादं वेगवान गाणं सांगेल. त्यानं यू-टूचं १९८७ सालचं 'विथ ऑर विदाउट यू' सांगितलं. त्यात बेस चार स्वर वाजवतो: पांढरी दोन, सहा, सात, पाच. सुरुवातीपासून तेच चार. "सव्वा मिनिटानंतर हात शिवशिवतात. काहीतरी नक्षी काढावी वाटते. काढली की गाणं मेलं. गाणं वर चढत जातं ते मी खाली हलत नाही म्हणून."

तबकडीवर न आलेली नावं

अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारा जेम्स जेमर्सन फक्त उजव्या तर्जनीनं वाजवायचा. जगभरचे बेसवादक आज त्याच्या ओळी गिरवतात. पण तबकडीवर वाजवणाऱ्याचं नाव छापायची मोटाउनमध्ये पद्धत नव्हती. त्याचं नाव आलं १९७१ मध्ये, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. १९८३ मध्ये तो वारला.

आपल्याकडे वेगळं काय होतं? गोव्याच्या चर्चशाळांत नोटेशन शिकून आलेल्या वादकांनी मुंबईतल्या हॉटेलांत जॅझ वाजवलं, दारूबंदीच्या काळात ते काम आटलं तसे सिनेमाच्या स्टुडिओंकडे त्यांचे पाय अधिक वळले आणि हिंदी सिनेमासंगीताचा सगळा खालचा मजला त्यांनी उभा केला. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवणारे टोनी वाझ त्याच परंपरेतले. त्यांची बोटं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. त्यांचं नाव किती घरांत माहीत आहे?

चित्र आता थोडं पालटतंय. इंडियन ओशनचे राहुल राम बेस वाजवतात आणि गातातही. नर्मदा बचाव आंदोलनात त्यांनी काम केलं आणि नर्मदेच्या खोऱ्यातलं 'माँ रेवा' त्यांच्या बँडमुळे शहरांत पोहोचलं. मुंबईत वाढलेली मोहिनी डे वडिलांकडून बेस शिकली आणि आज जगभरच्या मंचांवर मधोमध उभी राहून वाजवते. आमच्या बँडमधल्या गायिकेच्या शाळेतल्या दोन मुलींनी बेस शिकायचा हट्ट धरलाय, तो मोहिनीला बघून. त्यांच्या वाट्याला तो आलेला नाही, त्यांनी तो मागितलाय.

सत्तावीस फूट

पुन्हा पबकडे. साउंडचेक चालू आहे. बेसवाल्यानं लांब केबल लावलीय आणि वाजवत वाजवत तो मंचावरून उतरून टेबलांमधून चालत मागच्या भिंतीपर्यंत जातो. वेटर टेबलांवर चमचे मांडतायत, ते त्याला वळसा घालून जातात. मी त्याच्या बाजूनं चालले. अँपच्या शेजारी आवाज बारीक होता. चारपाच पावलांवर घुमायला लागला. एका खांबाजवळ अचानक नाहीसा झाला. मागच्या भिंतीशी तर इतका वाढला की काचेचे ग्लास किणकिणले.

कारण साधं आहे. सेकंदाला एक्केचाळीस कंपनं असलेल्या आवाजाची एक लाट सव्वाआठ मीटर, म्हणजे सुमारे सत्तावीस फूट लांब असते. जवळपास या खोलीएवढीच. भिंतीवर आपटून परतलेली लाट येणाऱ्या लाटेला कुठं मिळते आणि फुगते, कुठं छेदते आणि मिटते. अँपचं बटण फिरवून हे बदलत नाही. त्यानं अँप कोपऱ्यातून काढून दोन हात पुढं घेतला, खालून लाकडी फळी दिली आणि साउंडवाल्या पोराला सांगितलं, "खालचं थोडं काप. लोक आले की आणखी कापू नको." माणसं आली की खोलीचा आवाज बदलतो, बदल जास्त होतो तो वरच्या पट्टीतल्या आवाजात, कपडे आणि अंगं तोच शोषतात. खालचा तसाच राहतो.

आणि तो भिंतीतूनही जातो. पातळ भिंत किंवा काच गाणारीचा आवाज अडवते; खालच्या लाटा अडवायला वजनदार भिंत लागते. त्यामुळे समोरच्या सोसायटीतल्या माणसाला गाणं ऐकू जात नाही, नुसते ठोके जातात. त्याला झोप येत नाही, हे खरंच आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला मनाई करतात. व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबलची मर्यादा घालतात. पण हे मोजमाप माणसाच्या कानाच्या संवेदनेनुसार भारित केलेलं असतं आणि माणसाचा कान खालच्या आवाजाला मंद. म्हणून चाळीस कंपनांच्या आवाजातून तो मीटर जवळपास पस्तीस डेसिबल वजा करूनच आकडा दाखवतो. म्हणजे मीटरवर बेस जवळजवळ नोंदलाच जात नाही, पण शेजाऱ्याच्या पलंगाला तो जाणवतो. या तक्रारींत शेजारी आणि पबमालक दोघंही खरं बोलत असतात, ते यामुळे.

या पबचा अर्धा भाग गच्चीवर उघडा आहे. म्हणून कार्यक्रम साडेसातला सुरू होतो आणि दहाला पाच मिनिटं असताना शेवटचा स्वर मिटतो. बेसवाल्याच्या मनगटावरचं घड्याळ उलटं, आतल्या बाजूला बांधलेलं असतं. वाजवता वाजवता दिसावं म्हणून.

दुसरा सेट

साडेआठपर्यंत टेबलं भरली. पहिल्या सेटमध्ये लोक गप्पा मारत होते. मसाला पापड, शेंगदाणे, ऑफिसची उणीदुणी. दुसऱ्या सेटला 'समर ऑफ सिक्स्टी नाइन' सुरू झालं आणि मागच्या टेबलावरचे सहाजण उठून पुढं आले.

त्या रात्री घडलेली एक गोष्ट मला सांगायची आहे. ती पबमधल्या कुणालाच कळली नाही. सराव ऐकलेले असल्यामुळे मला कळली. त्यानंतरच्या एका गाण्यात मधला गिटारचा तुकडा आठ आवर्तनांचा ठरलेला होता. सहावं संपताना गायिकेनं डोळे मिटले, श्वास घेतला आणि ती कडव्यात शिरली. दोन आवर्तनं आधी. गिटारवाला आपल्या तुकड्यात रंगलेला, कीबोर्ड त्याच्याबरोबर. तिचा पहिला शब्द बाहेर पडला तेव्हा खाली चुकीची स्वरसंगती वाजत होती. पुढच्या मात्रेला दोनच गोष्टी शक्य होत्या: तिनं थांबायचं, किंवा बाकीच्यांनी हलायचं.

बेसवाला हलला. मी त्याच्या डाव्या हाताकडेच बघत होते. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, गिटारवाल्याकडे पाहिलं नाही. बोट तीन घरं सरकवून कडव्याच्या पहिल्या स्वरावर ठेवलं आणि पुढच्या 'एक'वर जोरात वाजवलं. डॉक्टरांचा पाय त्याच्याबरोबर पडला. खालचा स्वर कडव्याचा झाल्याबरोबर तिचा शब्द बरोबर ठरला आणि गिटारचा तुकडा, जो त्या क्षणापर्यंत बरोबर होता, तो उपरा वाटायला लागला. गिटारवाल्यानं अर्ध्या मात्रेत स्वर आवरता घेतला. कीबोर्ड आलं. पुढं नाचणाऱ्या सहाजणांतल्या एकाचंही पाऊल चुकलं नाही.

दहाला पाच कमी असताना शेवटचा स्वर मिटला. लोकांनी गायिकेला घेरलं, गिटारवाल्याबरोबर फोटो काढले. बेसवाला गुडघ्यावर बसून केबल गुंडाळत होता, एक वेढा सरळ, एक उलटा, पीळ पडू नये म्हणून. साडेदहाला आम्ही स्वयंपाकघरातून खाली उतरलो. भांडी घासली जात होती.

जिन्याच्या वळणावर गायिका थांबली. "दादा, मी लवकर आले ना तिथं?"

"आलीस," तो म्हणाला. अँपचा कोपरा भिंतीला लागणार नाही असा तिरका करून तो वळणावरून खाली उतरला. "गुरुवारी ते गाणं काळी चारच्याऐवजी पांढरी पाचमध्ये बघू. वरचा शब्द तुला ओढावा लागतोय."

तिनं वही काढली, जिन्यातल्या दिव्याखाली धरली आणि पेन्सिलीनं पट्टी बदलून लिहिली.